धम्मगिरीचं दहा दिवसांचं शिबिर: आमच्या वॉर्डातल्या आणि विहारातल्या बायकांसाठी

इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांचं विपश्यना शिबिर, म्हणजे मौनात बसून ध्यान शिकायचं शिबिर, करा, असं मी आमच्या वॉर्डातल्या सिस्टरांना हक्कानं सांगते. त्याच दमात हेही सांगते की आराम मिळेल म्हणून जाऊ नका. पहाटे चारला घंटा होते, रात्री साडेनऊला दिवे बंद होतात आणि मधले दहा तासांहून जास्त डोळे मिटून बसायचं असतं. सलग नाइट केल्यावरही अंग इतकं दुखत नाही. तरीही सांगते, कारण नर्सिंगच्या कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नाही असं काही मला तिथं मिळालं.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात परिचारिका आहे. घर बौद्ध. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला होते, बाबासाहेबांसोबत बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्या लाखोंमध्ये. त्यामुळे त्रिशरण-पंचशील, म्हणजे बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं आणि पाच शीलं, मला अक्षरओळखीच्या आधीपासून पाठ. विहारातल्या बायका मला शिबिराबद्दल सारखं विचारतात आणि दर वेळी अर्धवटच सांगणं होतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

सगळ्यात मोठा विरोध वडिलांचा होता. ते एसटीतून निवृत्त झालेत, आयुष्यभर चळवळीत राहिलेत. म्हणाले, "महाडच्या तळ्यावर बाबासाहेब डोळे उघडे ठेवून गेले होते. डोळे मिटून बसल्यानं कोणत्या वस्तीला पाणी मिळालं ते सांग, मग जा." हा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही आणि कोणी नेऊही नये. आपल्या समाजात विपश्यनेबद्दल जी नाराजी आहे ती याच मुद्द्यावर आहे. बाबासाहेबांनी धम्म सामाजिक मानला. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसं नात्यात आली की धम्म लागतो, अशी त्यांची मांडणी. मग सगळं सोडून दहा दिवस एकटं बसायचं कशाला? मी वडिलांना तेव्हा एवढंच म्हटलं की अकराव्या प्रतिज्ञेत आपण अष्टांग मार्गाचा अवलंब करू म्हणतो, आणि सम्यक स्मृती (सजगता), सम्यक समाधी (मनाची एकाग्रता) ही त्या मार्गाचीच दोन अंगं आहेत. सहा अंगांवर भाषणं होतात, या दोनांवर विहारात कोणी बोलत नाही. ते गप्प राहिले. पटलं म्हणून नव्हे, पण रिक्षा बोलावून बॅग त्यांनीच ठेवली.

शिबिराची माहिती थोडक्यात. सत्यनारायण गोयंका हे मूळचे ब्रह्मदेशातले, १९२४ साली मंडालेत मारवाडी व्यापारी कुटुंबात जन्मलेले. १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले, १९६९ ला भारतात आले आणि शिबिरं घेऊ लागले. धम्मगिरीत १९७६ पासून शिबिरं चालू आहेत. गोयंकाजी २०१३ साली वारले, पण शिकवणं अजून त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात चालतं. सूचना हिंदीत नि इंग्रजीत. सहायक आचार्य समोर बसतात, अडचण आली तर दुपारी जेवणानंतर त्यांना भेटता येतं.

मला स्वतःला गोयंकाजींपेक्षा त्यांच्या गुरूंची गोष्ट जास्त जवळची वाटली. ऊ बा खिन भिक्खू नव्हते. ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, म्हणजे सरकारी नोकर, बायकापोरांचा संसार असलेला माणूस. ऑफिसातल्या लोकांना त्यांनी साधना शिकवली आणि नोकरीही चोख केली. संसार नि ड्युटी सांभाळून हे जमतं का, या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं. दुसरी गोष्ट गोयंकाजींच्या अर्धशिशीची. दुखणं इतकं भयंकर की त्यांना मॉर्फिनची इंजेक्शनं द्यावी लागायची. त्या दुखण्यासाठी म्हणून ते गुरूंकडे गेले, तर गुरूंनी सांगितलं, आजार बरा करायला येणार असाल तर मी शिकवणार नाही. हे मी प्रत्येकाला मुद्दाम सांगते. बीपी जाईल, शुगर जाईल, गुडघे बरे होतील असं सांगून कोणी तुम्हाला पाठवत असेल तर ऐकू नका.

तब्येतीचं बोलले आहे तर नर्स म्हणून सगळं एकदम सांगून टाकते. अर्जात आजार, औषधं, मानसिक त्रास यांची विचारणा असते. खरं लिहा. पूर्वी नैराश्याचा, भ्रमाचा, मोठा मानसिक आजार झालेला असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि अर्जात ते लपवू नका. दहा दिवस मौनात बसणं हे मनावर मोठं काम आहे, प्रत्येकाला प्रत्येक वेळी झेपतंच असं नाही. चालू गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत. शुगरवाल्यांनी जेवणाच्या वेळा नीट बघाव्यात. नाश्ता साडेसहाला, जेवण अकराला, संध्याकाळी पाचला चहा किंवा दूध, सोबत कुरमुरे आणि फळ. त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणाऱ्यांना हे अंतर फार मोठं आहे. डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या आणि पोचल्या पोचल्या व्यवस्थापनाला कल्पना द्या. हे मी कितीही जणींना सांगितलं तरी "बघू तिथं गेल्यावर" म्हणतात. तसं करू नका.

आता आतलं. पहिल्या संध्याकाळी फोन, वही, पेन, पुस्तक सगळं जमा. मग त्रिरत्नाला शरण आणि पंचशील. "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि" (जीवहिंसेपासून दूर राहीन, हे पहिलं शील) सुरू झालं तेव्हा हॉलमधल्या बहुतेक जणी अडखळत होत्या आणि माझ्या तोंडून ते आपोआप येत होतं. मला आमच्या विहाराची पत्र्याची शेड आठवली. आपल्या वस्तीत दर रविवारी म्हटलं जातं तेच हे, आणि ते म्हणायला लोक लांबलांबून इथं येतात. त्या क्षणी जो अभिमान वाटला तो लिहायला मला संकोच नाही.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास. आत येतोय, बाहेर जातोय, कोणत्या नाकपुडीतून, बस. श्वास मुद्दाम खोल करायचा नाही, मंत्र नाही, मूर्ती नाही. आपलं मन एका श्वासावरून दुसऱ्या श्वासापर्यंत टिकत नाही हे पहिल्याच सकाळी कळतं. माझं मन वॉर्डात जायचं. ऑक्सिजन सिलिंडरच्या मागणीचा कागद कोणी भरला असेल, पुढच्या सिस्टरला ड्युटी सोपवताना सात नंबरच्या बेडचं सांगायचं राहिलं का. तिसऱ्या दिवशी लक्ष ठेवायची जागा आणखी लहान होते, नाकाच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर एवढीच. तिथं काय जाणवतं ते पाहायचं. खाज, ऊब, गार वारा, काहीही.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटापर्यंत एकेका भागावरून लक्ष फिरवायचं, जे जाणवेल ते पाहायचं आणि त्यावर काहीच करायचं नाही. यानंतर दिवसातून तीन वेळा एकेक तास अधिष्ठानात, म्हणजे न हलण्याच्या निश्चयानं, बसायचं असतं. डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत. माझा उजवा गुडघा पहिल्या वेळी विसाव्या मिनिटाच्या आसपास पेटला असावा. घड्याळ दिसत नाही, त्यामुळे अंदाजच. दुखणं एका जागी होतं, गुडघ्याच्या आतल्या बाजूला, मोठ्या लिंबाएवढं. पण त्याच्याभोवती दुसरंच काहीतरी होतं: आता लिगामेंट फाटेल, ड्युटीवर उभी कशी राहू, अजून किती वेळ. हे सगळं मिळून मी 'गुडघा दुखतोय' म्हणत होते. लक्ष नुसतं त्या लिंबाएवढ्या जागेवर आणलं तर तिथं दुखणं सलग नव्हतं. ठणकायचं, ओसरायचं, जागा बदलायचं. दुखतच होतं, कमी झालं नव्हतं. पण भीती वेगळी आणि दुखणं वेगळं हे मी स्वतःच्या शरीरात पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं पेशंटच्या उशाशी उभी राहून हे मला कळलं नव्हतं.

ज्यांना मांडी घालून बसणं अजिबात जमत नाही त्यांनी आधीच सांगावं, खुर्ची मिळते. खुर्चीवर बसलं म्हणून साधना कमी होत नाही.

जेवण साधं, शाकाहारी आणि भरपूर. तिखट जेवणाऱ्या आपल्यासारख्यांना ते अळणी वाटतं, दोन दिवसांनी सवय होते. ताट आपलं आपण धुवायचं. वाढणारे, व्यवस्था बघणारे सगळे धम्मसेवक, म्हणजे आधी शिबिर केलेले आणि आता पगार न घेता सेवेला आलेले. शिबिराची फी नाही. राहणं, जेवण, शिकवणं सगळं आधीच्या साधकांच्या दानातून चालतं. तुम्ही एक शिबिर पूर्ण केल्यावरच तुमचं दान घेतलं जातं, त्याआधी द्यायला गेलात तरी घेत नाहीत. ही पद्धत मला मनापासून आवडली. ज्यानं चव घेतली त्यानंच पुढच्याच्या ताटासाठी द्यायचं. आमच्याकडे विहाराच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची फरशी बसवण्यावरून भावाभावांत अबोला झालेला मी पाहिला आहे. पैसे कोणी किती दिले हे कोणालाच कळत नाही अशी जागा चालू शकते, नुसती चालत नाही तर इतकी वर्षं चालते, हे आपल्या मंडळांनी जाऊन बघावं.

आता जे सांगायला मी खरंतर हे लिहायला बसले ते सांगते.

त्या दहा दिवसांत मला कोणी आडनाव विचारलं नाही. मौनच होतं, विचारणार कसं? नजरेला नजरही द्यायची नसते. पण आपल्याकडे नवीन ठिकाणी गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत 'कुठले तुम्ही', मग 'आडनाव काय', आणि त्यावरून पुढचं वागणं ठरतं, हे ज्यांनी सोसलंय त्यांनाच या मौनाची किंमत कळेल. भाड्याची खोली बघायला गेल्यावर, बदली होऊन नव्या गावी गेल्यावर, मुलाच्या शाळेत. ते ओझं आपण किती सतत वाहतो हे ते उतरल्यावर कळलं. माझ्या शेजारच्या आसनावर एक बाई होत्या. त्यांचा खोकला मला ओळखू यायला लागला होता, त्यांची निळी शाल, उठताना गुडघ्यावर हात ठेवायची पद्धत. एका पहाटे माझी शाल खोलीत राहिली होती तर त्यांनी न बोलता आपली जादाची शाल माझ्या आसनावर ठेवली. त्या कोण, कुठल्या, मला माहीत नव्हतं आणि त्यांना मी.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचं ध्यान, शिकवतात आणि मौन सुटतं. बायका झाडाखाली जमून एकदम बोलायला लागल्या. त्याच बाई हसत माझ्याकडे आल्या. कुठल्या तुम्ही? सांगितलं. नोकरी? सांगितली. आडनाव? सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे तुमच्यात हे असतंच ना आधीपासून, बुद्धाचं."

वाईट हेतू नव्हता. चेहऱ्यावर तिरस्कारही नव्हता. पण 'तुमच्यात' हा शब्द आला आणि आमच्या मध्ये एक रेघ उमटली. छातीत एकदम दाटून आलं, कानाच्या पाळ्या तापल्या, श्वास वर अडकला. फरक एवढाच की या खेपेला हे सगळं मला होताना दिसलं. एरवी अशा वेळी मी एकतर विषय बदलून निघून जाते किंवा ताडकन बोलते. त्या दिवशी दोन श्वास जाऊ दिले आणि शांतपणे म्हटलं, "हो, आमच्यात १९५६ पासून आहे. पहिल्या दिवशी आपण जे पंचशील घेतलं ते माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं तेव्हाही पाठ होतं. पण ताई, दहा दिवसांत हे फक्त आमचं आहे असं तुम्हाला एकदा तरी वाटलं का?" त्या गोंधळल्या. मग म्हणाल्या, "नाही वाटलं." आम्ही नंतर बराच वेळ बोललो. बाबासाहेबांनी धर्म का सोडला हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी विचारलं, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

घरी आल्यावर वडिलांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "बघ, दहा दिवस बसूनही प्रश्न सुटला नाही, मौन सुटल्यावर परत आलाच." बरोबर आहे त्यांचं. आडनाव विचारणं बसून जाणार नाही. त्याला शिक्षण लागतं, कायदा लागतो, संघटना लागते, रस्त्यावर उतरावं लागतं. शिबिरात समाजाबद्दल, जातीबद्दल थेट शिकवण फार थोडी आहे, आणि आपल्यासारख्यांना ती उणीव जाणवते. साधना म्हणजेच पूर्ण धम्म असं कोणी म्हणत असेल तर मी ते मानत नाही. पण त्या झाडाखाली मी जे बोलू शकले ते बोलायची ताकद मला मोर्चातून मिळाली नव्हती. राग मला आलाच, तो येणारच, त्याचं कारण खरं आहे. फक्त त्या रागानं माझ्या तोंडून बोलायच्या आधी मी बोलले. वडिलांनी यावर वाद घातला नाही. "पुढच्या रविवारी विहारात सांग," एवढंच म्हणाले.

वॉर्डातलं सांगायचं तर माझी ड्युटी जळीत विभागात असते. ड्रेसिंगच्या वेळी पेशंट गॉज सोडवायला हात लावायच्या आधीपासूनच ओरडतो. वेदनाशामक आपण देतोच, ते दिल्याशिवाय हात लावायचा नाही, त्याला साधना हा पर्याय नाही. पण आता मी ट्रॉली नेल्या नेल्या काम सुरू करत नाही. आधी विचारते, आत्ता नक्की कुठं दुखतंय, बोट दाखव. किती, खूप की थोडं? आता मी हा कोपरा भिजवतेय, अजून ओढलेलं नाही, ओढायच्या आधी सांगेन. भीती आणि दुखणं त्यांच्यासाठी थोडं वेगळं करून देता आलं तर बघते. काहींना त्यानं बरं वाटतं, काहींना अजिबात नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर आई जवळ असणं याहून मोठं काही नाही. पण माझे स्वतःचे खांदे ड्रेसिंगभर कानाला लागलेले असायचे, ते आता लक्षात येतं आणि खाली येतात. पेशंटला सिस्टरचा हात घाबरलेला आहे की नाही हे कळतं.

रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं ते सांगतात. शिफ्ट ड्युटी करणाऱ्या, घरी स्वयंपाक असणाऱ्या बाईला ते जमणं कठीण आहे आणि त्याचा अपराधीपणा बाळगू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मॉर्निंग ड्युटी असेल तेव्हा मी अर्धा तास बसते. नाइट करून आल्यावर झोपते. विहारात आता रविवारी वंदनेनंतर वीस मिनिटं आनापान, म्हणजे श्वास पाहणं, असतं आणि मग नेहमीप्रमाणे बैठक: वसतिगृहाचे अर्ज, जातपडताळणीची कागदपत्रं, कोणाच्या नळाची तक्रार. वडील वीस मिनिटं डोळे उघडे ठेवूनच बसतात, पण बसतात.

जाणाऱ्यांसाठी शेवटची कामाची माहिती. अर्ज ऑनलाइन करायचा आणि लवकर करायचा, सुट्ट्यांच्या दिवसांतल्या जागा पटकन भरतात. दहा दिवस म्हणतात पण आदल्या दिवशी दुपारी पोचावं लागतं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका होते, त्यामुळे रजा बारा दिवसांची धरा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजेची सोय शासन निर्णयानं आहे, आस्थापना शाखेत विचारा, अनेक क्लार्कना स्वतःहून माहीत नसतं. निघायच्या आदल्या रात्री नाइट करू नका. सैल सलवार-कुर्ते न्या, शाल, टॉर्च, गजराचं साधं घड्याळ आणि स्वतःची औषधं चिठ्ठीसकट न्या. इगतपुरी घाटमाथ्यावर आहे, पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, एक जोड जास्त असू द्या. शेवटच्या दिवशी पुस्तकांच्या विक्रीकेंद्रावर थोडा वेळ काढा. तिथल्या विपश्यना विशोधन विन्यासानं पाली तिपिटक, म्हणजे बुद्धवचनांचे मूळ ग्रंथ, त्यावरच्या भाष्यांसह देवनागरीत १४० खंडांत छापलं आहे. सगळं घ्यायची गरज नाही, आपल्याला ते परवडणारही नाही, पण विहारासाठी वर्गणी काढून सुरुवातीचे एक-दोन खंड आणायचे आम्ही ठरवलं आहे. वंदनेतलं जे पाठ आहे ते छापील ओळीत बघायला आमच्यातल्या बऱ्याच जणी उत्सुक आहेत. कोणाला अर्ज भरायला मदत लागली तर रविवारी विहारात या, मोबाइल आणि आधार कार्ड घेऊन.